मनोरमाकाकीची कोवळी लोंगरं

तुळशीदास म्हणजे वाण्याकडे जायलाही स्कूटर काढणारा गडी. माणिकपूरच्या एका शाळेत बावीस वर्षं शिपाई. घंटा वेळेवर, स्वभाव गमत्या, पोट माणसाच्या आधी दारात पोचणारं. तो एकवीस किलोमीटर धावणार म्हटल्यावर सगळी वाडी हसून लोळली.

झालं असं, की कमी ऐकू येणाऱ्या मुलांना कानाची यंत्रं घ्यायची म्हणून शाळेतल्या रिटा टीचर, क्लार्क जॅक्सन आणि तुळशीदाससकट आणखी चौघं एका शर्यतीत उतरले. धावणाऱ्याने ओळखीपाळखीतून किलोमीटरमागे मदत मिळवायची. वाडीतल्या माणसाला पैशापेक्षा माल देणं सोपं. शेजारची मनोरमाकाकी म्हणाली, किलोमीटरला केळीचं एक लोंगर, अख्खा घड, देते, संध्याकाळी शाळेच्या मैदानात लिलाव करा. तिचा अंदाज साधा होता, हा चार-पाचात बसेल.

पण गडी बसला नाही. बारा किलोमीटर तो खरोखर धावला. मग पोटरीत गोळा आला. पुढे रस्ता मोठा वळसा घालून वाडीपाशी परत यायचा, आणि बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, कडेकडेने जाणारी पायवाट थेट शेवटच्या कमानीपाशी निघायची. लहानपणापासूनची वाट. पाय आपोआप तिकडे वळले, असं तो पुढे सांगे. त्याआधी मागे कोणी बघत नाही ना म्हणून मान वळली होती, हेही तोच सांगे.

कमानीखाली जॅक्सनने त्याला उचललंच. गळ्यात मेडल पडलं. फोटो ग्रुपवर गेला, खाली ‘आमचे तुळशीदास, एकवीस!’ रिटा टीचरांनी डोळे पुसले. तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याने पाणी मागितलं.

लंगडत वाडीत शिरला तर कोयत्याचा आवाज. काकीला फोटो पोचला होता. ती आणि तिचा गडी आग्नेल केळी कापत होते. एका अंगाला बारा लोंगरं, भरलेली, तयार. दुसऱ्या अंगाला तीन, बोटांएवढ्या केळ्यांची, हिरवी, कोवळी. तयार माल संपला होता. केळ एकदा कापली की तिला पुन्हा लोंगर येत नाही, कोवळं कापलं ते वायाच गेलं, हे तुळशीदासला कोणी सांगायला नको होतं.

काकीने सोळाव्यावर कोयता उगारला.

“काकी, थांब.”

“का रे? अजून सहा हवीत. शब्द दिलाय मी.”

“मी बाराच धावलो. नंतर बावखलावरून आलो.”

आग्नेल दुसरीकडे बघू लागला. काकीने कोयता पदराला पुसला. ती ओरडली असती तर त्याला सोसलं असतं.

“बारा शाळेत जाऊ देत,” ती म्हणाली. “ही तीन तू उचल. एवढी कोवळी का कापली असं कोणी विचारलं तर तूच सांग. मला नाही सांगता येणार.”

तीन लोंगरं, तीन खेपा, भर आळीतून त्याच्या घरापर्यंत. प्रत्येक ओट्यावरून कोणी ना कोणी विचारलंच. पहिल्याला तो म्हणाला, चूक झाली. दुसऱ्याने विचारलं, कोणाची? मग सगळं सांगावं लागलं. तिसऱ्या खेपेला विचारायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्याला जास्तच लाज वाटली.

संध्याकाळी लिलाव सुरू व्हायच्या आधी त्याने मेडल रिटा टीचरांच्या हातात ठेवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. जॅक्सनने ग्रुपवरून फोटो काढून टाकला. टीचरांनी मेडलची फीत घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि एवढंच विचारलं, “पाय कसा आहे आता?”

 तुळशीदास ती बारा लोंगरं उचलून लिलावासाठी मांडायला लागला.