कुपवाडचा एक श्रोता

पद्माकर देशिंगकरला दुपारची झोप लागत नाही, असं तो सगळ्यांना सांगतो, आणि सांगता सांगताच घोरायला लागतो. आज मात्र त्याला खरंच झोपायचं नाही. रविवार आहे, जेवण झालंय, आणि पाच वाजता शेरॉन यायची आहे. तो दिवाणावर आडवा झालाय तो फक्त पाठ टेकायला. छातीवर एक शंभर पानी वही उघडी आहे आणि तिच्यात बोट अडकवून तो पंख्याकडे बघत पडलाय.

ही वही त्याच्या दुकानाची. मिरजेत स्टेशन रोडवर त्याचं कॅसेटचं दुकान होतं. शेरॉनचा बाप इमॅन्युएल गायकवाड, म्हणजे सगळ्यांचा इम्मू, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होता आणि चर्चमध्ये गिटार वाजवायचा. त्र्याण्णव साली त्याने स्वतःच लिहिलेली, स्वतःच चाल लावलेली आठ गाणी सांगलीच्या एका स्टुडिओत रेकॉर्ड केली. गिटार, मागे हळू ड्रम आणि इम्मूचा तो शेजारी बसून बोलल्यासारखा आवाज. कॅसेटचं नाव ‘सायडिंग’. पद्माकरने ती काउंटरवर मांडली, शेजारी ही वही ठेवली आणि वर पाटी लावली, ‘आपला अभिप्राय अवश्य लिहा’. इम्मू दर शनिवारी ड्यूटी संपवून यायचा, चहा मागवायचा आणि वही वाचायचा.

कोणी लिहीतच नव्हतं. कोरी वही बघून मित्राचं तोंड उतरायचं, ते पद्माकरला बघवेना. मग तोच लिहायला लागला. कधी निळ्या शाईने, कधी काळ्या, कधी बायकी वळणाने. सांगलीची कु. वैजयंती, जयसिंगपूरचे निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्याच्याच पोटातून निघाले. आणि एकदा त्याला वाटलं, सगळं गोडच गोड झालं तर इम्मूला संशय येईल. शिवाय दृष्टही लागेल. म्हणून त्याने हिरव्या शाईने, डाव्या हाताने एक वाईट अभिप्राय लिहिला: ‘चौथे गाणे रडके आहे. आवाजात दम नाही. गायकाने आपली नोकरी सांभाळावी. – एक श्रोता, कुपवाड.’

इम्मूने बाकी सगळे वाचून सोडून दिले आणि हा एक खरा मानला. दुसरी कॅसेट त्याने काढलीच नाही. गेल्या जानेवारीत तो वारला. आता शेरॉनने ती गाणी इंटरनेटवर टाकलीत आणि लोक वेडे झालेत. ‘हे तीस वर्षं कुठं होतं?’ असं लातूरहून कोणी विचारतंय. दुसरं गाणं लांबलंय, ड्रम फारच मवाळ आहेत, असंही दोघांचं म्हणणं आहे. पण चौथ्या गाण्याबद्दल दुमत नाही. ते ऐकताना एकाने म्हणे गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. शेरॉन नवी आवृत्ती काढतेय. सोबतच्या पुस्तिकेत या वहीतले सत्तावीस अभिप्राय छापायचे आहेत, आणि पहिल्या पानावर कुपवाडचा श्रोता. “त्या माणसाला उत्तर मिळालंच पाहिजे काका,” ती फोनवर म्हणाली. “पप्पा मरेपर्यंत त्याचं वाक्य बोलत होते.” पुस्तिका उद्या छापायला जाणार आहे, म्हणून आज ती वही न्यायला येतेय.

सांगावं, तर तो एक वाईट अभिप्राय खोटा ठरतो. पण मग पोरगी बाकीच्यांबद्दल विचारणार, आणि तिच्या बापाच्या वाट्याला आलेलं कौतुकही खोटं ठरणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. पद्माकर डोळे मिटतो. फक्त दोन मिनिटं. पंख्याची घरघर बारीक होत जाते, कोऱ्या टेपसारखी.

तो दुकानात उभा आहे. दुकान विकून पाच वर्षं झाली, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात, पण रॅकवर कॅसेटी आहेत आणि शटर आतून खाली ओढलेलं आहे. ते कोणी ओढलं, हे त्याला आठवत नाही. काउंटरपलीकडच्या स्टुलावर इम्मू बसलाय. बाह्या दुमडलेल्या, खिशाला शाईचा डाग.

“काय पद्या, चहा सांगितलास का?”

“शटर बंद आहे रे. पोरगं येणार कुठून?”

“मग राहू दे. वाच की. नवीन काय आलंय?”

पद्माकर वही चाळतो. पानं संपत नाहीत. त्याला लातूरचा वाचायचा आहे, गाडी थांबवणारा वाचायचा आहे, पण जिथे उघडावं तिथे हिरवी शाई.

“लोकांना चौथं गाणं आवडतंय इम्मू. खरंच. शेकड्यांनी लिहितायत.”

“लोक राहू देत. कुपवाडचा काय म्हणतोय?”

“त्याला काय विचारायचं?”

“त्यालाच विचारायचं. तो एकटाच खरं बोलला.” इम्मू स्टूल पुढे ओढतो. “मी ते गाणं बदललंय. शब्द बदलले, पट्टी बदलली. चाळीसएक वेळा तरी बदललं असंल. एकदा त्याला ऐकवायचंय, मग मी मोकळा.”

पद्माकर शटरकडे वळतो, तर शटर नाही. पार्सल ऑफिसची भिंत आहे आणि तिला लागून छतापर्यंत पार्सलं रचलीत. गोणपाटात शिवलेली, सुतळीने बांधलेली, आणि प्रत्येकावर हिरव्या शाईत एकच पत्ता: एक श्रोता, कुपवाड. बाहेर पडायची वाट त्या थप्पीमागे कुठेतरी असणार. तो एक पार्सल हलवतो, तर त्याच्या जागी दुसरं येतं. इम्मू वजनकाट्याशी उभा राहून ते चौथं गाणं गुणगुणतोय, कोणी सोडवायला न आलेल्या पार्सलाचं गाणं. ‘नाव पुसट, गाव पुसट, गाठ तेवढी घट्ट.’ गुणगुणता गुणगुणता तो थांबतो, मान हलवतो आणि पहिल्यापासून सुरू करतो.

“इम्मू, थांब. मला काही सांगायचंय.”

“मग आत जाऊन सांग. इथं इंजिनाचा आवाज हाय.”

आत म्हणजे सांगलीचा तो स्टुडिओ. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, मधे मायक्रोफोन, समोर जाड काच. पद्माकर काचेच्या आत आहे आणि इम्मू बाहेर, कानांवर हेडफोन लावून. तांबडा दिवा लागतो. पद्माकर मागे बघतो. दार आहे, पण दाराला आतून कडी नाही, मूठ नाही, नुसता गुळगुळीत सनमायका. लहानपणी तो एकदा शाळेच्या नकाशांच्या खोलीत कोंडला गेला होता. ही तीच हवा आहे.

“बोल,” इम्मूचा आवाज आत येतो.

“ते मी लिहिलं होतं! कुपवाडचा श्रोता म्हणजे मीच!”

इम्मू बटण फिरवतो, काटा बघतो. “अंहं. काहीच येत नाही. आवाजात दम नाही.”

तो हे चेष्टेने म्हणत नाही, एखाद्या कामगाराने सांगावं तसं साधं सांगतो. म्हणून तर पद्माकरला रडू फुटतं. तो ओरडतो, माइकला तोंड लावतो, काचेवर हात आपटतो. ट्रे सगळा आवाज पिऊन टाकतात.

“मग लिही की,” इम्मू म्हणतो. “लिहायला तर येतंय तुला.”

पद्माकर वहीच्या कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहितो आणि पान काचेला लावतो: ‘कुपवाडचा श्रोता मीच. दृष्ट लागू नये म्हणून लिहिलं.’

इम्मू वाकून वाचतो. ओठ हलवत, सावकाश. पद्माकरला वाटतं, हा आता उठून जाणार आणि आपण इथे तांबड्या दिव्याखाली कायमचे राहणार.

“तीट लावलीस व्हय रे माझ्या कॅसेटला?”

पद्माकर मान हलवतो.

“आमची आई पण लावायची मला. चर्चचे पाळकसाहेब रागवायचे, म्हणून कानामागं लावायची, कुणाला दिसू नये अशी.” इम्मू स्वतःच्या कानामागे बोट फिरवतो. “तीट अशी लावायची असती पद्या. तू नेमकी गळ्यावर लावलीस.”

पद्माकर काचेला कपाळ टेकतो. तीस वर्षांत त्याला कोणी शिवी दिली असती तरी चाललं असतं. हे चालत नाही.

“म्हणजे चौथं गाणं वाईट नव्हतं?”

‘तेच सगळ्यात चांगलं होतं,’ पद्माकर घाईघाईने लिहितो.

“पहिलं होतं तसंच?”

‘पहिलं होतं तसंच.’

इम्मू खुर्चीत मागे रेलतो. चेहऱ्यावर राग नाही, आनंदही नाही. स्टेशनावर चुकीच्या फलाटावर तासभर उभा राहिलेला माणूस असतो, तसा तो दिसतो. मग तो पुढे झुकतो आणि पद्माकर ज्याला भीत होता ते विचारतो.

“आणि बाकीचे?”

पेन थांबतं. पद्माकर पुन्हा दाराकडे बघतो. कडी अजूनही नाही. ट्रे भिंतीवरून पुढे सरकलेत, खांद्यांना लागतायत. इम्मू वाट बघतोय. त्याला कुठे जायची घाई नाही, आणि हेच सगळ्यात अवघड आहे.

‘कुपवाडचा धरून तेवीस माझे,’ पद्माकर लिहितो.

इम्मू हेडफोन काढतो आणि डोकं खाजवतो. पद्माकरला त्याचा आवाज तरीही ऐकू येतो. “बाकीच्या बावीस माणसांना एकच शब्द येत होता, ‘अप्रतिम’. मला वाटायचं, सांगली जिल्ह्यात शब्दांचा दुष्काळ पडलाय. मग खरे किती?”

पद्माकर चार बोटं वर करतो. ते चार त्याला तोंडपाठ आहेत. तेव्हा त्या चौघांचा त्याला हेवा वाटला होता. तो पानं शोधून एकेक काचेला लावतो आणि इम्मू मोठ्याने वाचतो.

“‘कुठेही पेटी नाही, तरी चुकल्यासारखे वाटले नाही.’ हा आपल्या मिरजेतल्या वाद्य बनवणाऱ्यांपैकी कुणी असंल. ‘सासूबाईंना पहिले गाणे आवडले. त्यांना सहसा काही आवडत नाही.’ आयला!” इम्मू मांडीवर थाप मारतो. “‘शब्द कळतात.’ बस्, एवढंच? चांगलं लिहिलंय. ‘गाडी तीन तास लेट. दुकानात उभ्याने सगळी कॅसेट ऐकली. मालकाने हाकलले नाही. – एक गार्ड.’”

‘चारच,’ पद्माकर लिहितो. ‘माफ कर.’

“चार म्हणजे कमी नव्हेत. बुधवारच्या प्रार्थनेला पण चारच येतात, आणि त्यातला एक झोपलेला असतो. तो गार्ड परत दाखव.”

पद्माकर परत दाखवतो. इम्मू परत वाचतो, या वेळी मनातल्या मनात.

“आता सही कर,” तो म्हणतो.

‘कशाला?’

“कशाला काय? एवढी वर्षं पार्सल ऑफिसात बसलो मी. सहीशिवाय पार्सल सुटत नाही. तुझं पण नाही, माझं पण नाही.”

‘शेरॉन काय म्हणेल?’

“ते तिलाच विचार की. मला काय माहीत? मी मेलोय.”

पद्माकर हिरव्या शाईचं पान काढतो. अक्षर वाकडं येतंय. सही पूर्ण करून तो मान वर करतो. काचेपलीकडे इम्मू गिटार जुळवतोय. वरची तार जरा उतरलेली आहे. तो पट्टी लावतो, घसा खाकरतो, आणि तांबडा दिवा विझतो.

पंखा. दिवाण. उन्हाची तिरीप गुडघ्यापर्यंत आलीय, म्हणजे पाच वाजत आलेत. पद्माकरची मान घामाने भिजलीय आणि घशाला कोरड पडलीय, जणू खरंच ओरडला होता. वही छातीवरच आहे. तो ती उचलतो.

कुपवाडच्या श्रोत्याखाली निळ्या बॉलपेनात सही आहे. प. वि. देशिंगकर. तीस वर्षांपूर्वीची त्याची झोकदार सही नव्हे. आजची, शेवटी लोंबकळणारी, बँकेत जुळत नाही ती. तो अंगठ्याने घासून बघतो. शाई थोडी पसरते आणि अंगठा निळा होतो.

खाली फाटक वाजतं. जिन्यावर पावलं येतात. “काका, जागे आहात ना?” शेरॉनचा आवाज. नाकही बापाचं आणि आवाजही बापाचा.

पान फाडायला एक क्षण पुरेल. एवढं एकच पान फाडलं तर ते कोणी लिहिलं हे कोणाला कळणार नाही, किंवा एवढंच एक दाखवलं तर बाकीचं कौतुक तरी शाबूत राहील. पद्माकर दोन्हींचा विचार करतो, तो काही संत नाही. मग अंथरुणात चाचपून पेन शोधतो, उठून बसतो, वहीचं पहिलं पान उघडतो आणि सांगलीच्या कु. वैजयंतीखाली सही करतो. मग जयसिंगपूरच्या मुख्याध्यापकांखाली. त्यानंतर ‘शब्द कळतात’ येतं. ते तो तसंच सोडतो.

शेरॉन दारात उभी राहते. हातातली पिशवी खाली ठेवायचंही तिला सुचत नाही.

“काका, हे काय करताय? वही खराब होतेय ती!”

“बस बाळा,” पद्माकर मान वर न करता म्हणतो. “अजून वीस सह्या राहिल्यात.”