एका खोलीतले बहात्तर

किस्से जमवावे लागत नाहीत हो! चाळिसांच्या खोलीत बहात्तर मुलं बसवा, आपोआप साठतात.

एकोणीसशे तीस सालानंतर काही वर्षं मी श्रीवर्धनजवळच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. इंग्रजी चौथीची, म्हणजे आताच्या आठवीची, तुकडी एकच. "दुसरी काढा की!" म्हटलं तर हेडमास्तर उखडत, "काढतो! बसवू कुठे? माझ्या डोक्यावर?"

हेडमास्तरांना टक्कल होतं. जागा तशी मोकळीच होती!

* * *

हजेरीतच पाव तास जाई. एकदा बहात्तरच्या बहात्तर "हजर!" आले. मी खूश! सहज डोकी मोजली, तर सत्तावन्न.

मी ओरडलो, "जे गैरहजर आहेत त्यांनी उभं राहा!"

चौघे उभे राहिले.

* * *

शेवटचा बाक आत मावेना, म्हणून पडवीत टाकला होता. त्यावर धाकू नावाचा कोळ्याचा मुलगा बसे. एकदा विचारलं, "काय रे, मी शिकवतो ते ऐकू येतं का?"

"न्हाय गुरुजी. दर्याचा आवाज येतो."

"मग वर्षभर शिकलास काय?"

"भरती-ओहोटी!"

* * *

आमचे गणिताचे दामले मास्तर भारी कडक. बहात्तर वह्या तपासून एके दिवशी लालबुंद होऊन वर्गात आले. सगळ्यांचं एकच गणित, एकाच पायरीवर चुकलेलं!

"कॉपी! मूळ चोर कोण? उभा राहा!"

कोणी हलेना. छडी उगारली तेव्हा पुढच्या बाकावरचा एक जण चाचरत म्हणाला, "गुरुजी... आम्ही फळ्यावरून उतरवलं."

दामल्यांनी छडी कोपऱ्यात ठेवली आणि उरलेला तास भूगोल शिकवला.

* * *

एकदा इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले. आत पाय ठेवायला जागा नाही, म्हणून दारातच उभे राहिले. जाताना शेरा लिहिला, 'शिस्त उत्तम. तासभर एकही मुलगा हलला नाही.'

हलणार कुठे!

* * *

एका श्रावणात गावात गालफुगी आली. आमची पोरं मांडीला मांडी लावून बसलेली, आठवड्यात वर्ग ओस! उरली नऊ. म्हटलं, चला, आज घसा तरी वाचला. सगळ्यांना पुढ्यात बसवलं आणि एकेकाला उभं करून वाचायला लावलं.

सात जण अडखळत पार झाले. आठवा एक उंच, किडकिडीत मुलगा. त्यानं पानभर उतारा घडाघडा वाचला, मराठीत अर्थ सांगितला आणि वर मलाच एक शब्द विचारला. मला डिक्शनरी उघडावी लागली!

मी हरखलोच. इतक्या तयारीचा मुलगा आपल्या वर्गात! जवळ बोलावून पाठ थोपटली.

"शाबास! आधी कुठल्या शाळेत होतास रे? मुंबईला?"

"न्हाय गुरुजी," तो मान खाली घालून म्हणाला, "हितंच. गेल्या साली तुम्हीच नापास केलंत."