साठवरचा काटा

रामनगरला एका मेकॅनिक काकांचं लहानसं गॅरेज आहे. आमच्यासारखेच तेही काशीच्या ब्रह्मा घाटावरच्या मराठी घरातले. लहानपणी पाठशाळेत होते, मग गाड्यांकडे वळले. स्पीडोमीटर तपासायची त्यांची रीत एकच. काटा साठवर धरायला सांगायचं आणि किलोमीटरच्या दगडापासून देवीचं स्तोत्र सुरू करायचं. ते बरोबर एका मिनिटात संपतं, तेव्हा पुढचा दगड यायला हवा.

मी घरातला पहिला पदवीधर. माझी कार तपासताना मी फोनचं घड्याळही लावलं.

"लावा, बीएस्सी साहेब. त्यालाही काही शिकू दे," काका म्हणाले.

पुढचा दगड आला तेव्हा स्तोत्राच्या दोन ओळी बाकी होत्या. फोनवर चौपन्न सेकंद. म्हणजे काटा साठ दाखवत होता आणि गाडी सदुसष्टच्या आसपास पळत होती. आईला मागे बसवून वर्षभर मी अशीच चालवली होती.

गॅरेजवर परतलो. मग काका चाकाशी बसले. "हे मोठे टायर मीच घातले. मीटर जुन्या टायरच्या मापाचा, म्हणून कमी दाखवतो. गलती माझी."

मी भांडणारच होतो, पण त्यांनी फोन कानाला लावला होता.

"भैया, बच्चे बैठे हैं अभी? चालीस के ऊपर मत जाना. छोड़कर सीधे यहाँ आओ."

"शाळेच्या व्हॅनलाही हेच घातलेत," ते मला म्हणाले.

व्हॅन येईपर्यंत ते रस्त्याकडे बघत उभे होते. तेच स्तोत्र चालू होतं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.