परतीच्या खुणा

मावशीची स्वरलिपीची पानं मी स्वतःच्या हाताने कापली. तीन बाजूंनी, सुबक, एका दाबात. कटिंग मशीनचं पातं खाली आलं आणि तिची सव्वीस वर्षांची कमाई पट्ट्या होऊन टोपलीत पडली. मी तेव्हा शीळ घालत होतो.

मी बाइंडिंगवाला. मावशी नृत्यशाळेत पियानो वाजवते. मुली भिंतीजवळच्या दांडीला धरून पाय उचलतात, मावशी त्या पायांना सूर पुरवते. वार्षिक कार्यक्रमात मात्र तिला पडद्यापुढची जागा मिळते. दोन नाचांच्या मध्ये मुली आत कपडे बदलत असतात, तेवढ्या वेळात ती फिनलंडच्या एका जुन्या संगीतकाराने झाडांवर लिहिलेल्या पाच छोट्या रचनांपैकी एकेक वाजवते. पाइन, बर्च, शेवटी स्प्रूस. प्रत्येक दोन-तीन मिनिटांची. "माणसाने नेमक्या अंदाजाने लिहिलंय," ती म्हणते. "एक झाड संपलं की एक झगा चढलेला असतो."

यंदा मुख्य बाईंनी तिला बोलावून सांगितलं की पुढच्या वर्षीपासून पियानोऐवजी स्पीकर आणायचा विचार आहे. स्पीकर चुकत नाही, रजा मागत नाही.

"आणि मुली चुकल्या तर सांभाळून घेतो का?" मावशीने विचारलं.

"कार्यक्रम होऊ द्या. मग ठरवू," बाई म्हणाल्या.

म्हणजे मावशीची नोकरी त्या एका संध्याकाळवर येऊन ठेपली. मला वाटलं, अशा दिवशी तिच्यापुढे सुटी, कोपरे दुमडलेली, चहाच्या कपाचे गोल उमटलेली पानं शोभत नाहीत. न विचारता उचलली आणि हिरव्या कापडी पुठ्ठ्यात बांधून दिली. आमच्या शाळेत संगीताच्या तासाला गणित चालायचं, त्यामुळे त्या कागदांवर काय महत्त्वाचं आणि काय नाही हे कळायला मला मार्ग नव्हता. हा माझा बचाव. मावशीपुढे तो अर्धं मिनिटही टिकला नाही.

तिने वही उघडली. वही आपोआप मिटली. तिने पुन्हा उघडली, अंगठ्याने दाबून धरली आणि पानाच्या तळाशी बघत राहिली.

"कापलंस?"

"सरळ केलं. कडा फाटल्या होत्या."

"खाली पेन्सिलीने लिहिलं होतं."

"कुठे?"

"आता कुठेच नाही."

मग तिने समजावलं. तळाच्या समासात परतीच्या खुणा होत्या. आत कपडे बदलायला उशीर झाला, तर वाजवता वाजवता कुठून उडी मारायची आणि मागे कुठे उतरायचं, की ऐकणाऱ्याला सांधा कळू नये. एकेक जागा तिने वर्षानुवर्षं चुकत-माकत शोधली होती. मी धावत दुकानात गेलो. टोपली रिकामी. रद्दीचा गठ्ठा सकाळीच गेला होता.

परत आलो तेव्हा तोंड बघण्यासारखं झालं असणार. "नाक पूस," मावशी म्हणाली, "आणि कपडे वाळत घालायचे चिमटे आण. ही तुझी मगर तोंड मिटायची थांबत नाही. आणि हो, त्या दिवशी पानं उलटायला तूच बसायचंस."

बसलो. पहिली चार झाडं झोकात झाली. मी चिमटे काढत-लावत होतो, मावशीने मान हलवली की पान उलटत होतो. पाचवं झाड सुरुवातीला संथ झुलतं, मध्ये वादळ येतं आणि पुन्हा संथ होतं. ते शेवटाकडे उतरत असताना विंगेत कपडेपटवाले काका दिसले. दोन्ही हात जोरजोरात हलवत होते. एकाच कापडाचे सोळा झगे, आणि त्यांच्या पाठीचे हुक उलटे शिवलेले.

"मागे," मावशी ओठ न हलवता म्हणाली.

"किती?"

"वादळाच्या आधी."

मी पान ओढलं, चिमटा उडून पेडलपाशी पडला आणि मगरीने तोंड मिटलं. मावशीने वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती काकांकडे बघत होती आणि हात आपले वादळात शिरले होते. वादळ ओसरलं. काकांचे हात अजून हवेतच. वादळ पुन्हा आलं. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ बायकोला हळूच म्हणाले, "तिकडच्या हवामानाचा काही भरवसा नाही बघ." तिसऱ्या वादळानंतर काकांनी अंगठा दाखवला. मावशीने झाड अलगद जमिनीवर टेकवलं, आणि पडदा उघडला तेव्हा सोळाच्या सोळा मुली हुकांसकट उभ्या होत्या.

मुख्य बाई विंगेत घड्याळ घेऊन उभ्या. "ही रचना एवढी मोठी आहे?"

"नाही हो. तीन मिनिटांची. तुमचे हुक मोठे आहेत."

बाईंनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "मी स्पीकरकडे बघून हात हलवले असते, तर लोकांनी मला दवाखान्यात नेलं असतं."

बाई हसल्या नाहीत. पण सोमवारी फळ्यावर पुढच्या सबंध वर्षाचं वेळापत्रक लागलं आणि प्रत्येक वर्गापुढे पियानो लिहिलेलं होतं. मावशीने ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि वर्गात जाऊन खुर्ची आपल्या उंचीची करून घेतली.

शिक्षा मात्र चुकली नाही. "खुणा तू कापल्यास, आता तूच लिही." तेव्हापासून दर रविवारी ती वाजवते, थांबते, बोट ठेवते आणि मी तळाला नवी पट्टी चिकटवून खूण करतो. वहीची पाठही सोडवून पुन्हा सैल बांधली, आता ती उताणी पडते. चार झाडं झाली. मला आता स्वर थोडे वाचता येतात, पण हे मावशीला सांगितलेलं नाही, नाहीतर आणखी काम निघेल.

पाचव्याचं अडलंय. त्या संध्याकाळी नेमकी कुठून उडी मारली, ते तिला आठवत नाही.

"पुढच्या वर्षी हुक अडकले की कळेल," ती म्हणते. "तोवर तुझ्याकडे बाकी."

पट्टी चिकटवून ठेवली आहे. कोरी.