कांडीवरचा नंबर

मी पेण-रोहा पट्ट्यात गायी भरवायचं, म्हणजे कृत्रिम रेतनाचं काम करतो. घर पेणच्या रामवाडीत. मोटरसायकलला मागे नायट्रोजनचा कॅन बांधलेला, त्यात गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या. फोन आला की निघायचं. गावात मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, हे सांगायचं मी कधीच सोडून दिलं.

त्या वर्षी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. भरवलेल्या गायी एकामागून एक उलटत होत्या, म्हणजे एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येत होत्या. मी वळूला शिव्या घातल्या, कांड्या पाठवणाऱ्यांना घातल्या, नुसत्या पेंढ्यावर गाय जगवणाऱ्यांना तर तोंडावर घातल्या. स्वतःला सोडून सगळ्यांना.

सगळ्यात जिव्हारी लागली ती गडब गावची एक गाय. घरातल्या सुनेने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. दोनदा भरवली, दोनदा उलटली. तिसऱ्या खेपेला सासूने ओटीवरूनच निकाल दिला, की आता उलटली तर घाटावरचा व्यापारी तयार आहे, भाकड जनावर मी पोसणार नाही. सून गायीचं दावं धरून उभी होती. मला म्हणाली, "डॉक्टर, आज नीट बघून घालूया."

बघून घालायची ही पद्धत माझीच. माझ्या आधी इथे फिरणारा एक गडी सांगायचा एक वळू आणि घालायचा दुसराच. लोकांचा विश्वास उडालेला. म्हणून मी कॅन उघडला की आतला कांड्यांचा डबा पार बाहेर काढायचो. पांढरी वाफ ओटीवर पसरायची, शेजारपाजारचे जमायचे, आणि मी घरच्यांना कांड्यांवरचे नंबर वाचायला लावायचो. हवी ती निवडा, माझ्याकडे लपवाछपवी नाही. ती सून दहावी शिकलेली. एकेक आकडा मोठ्याने वाचायची, त्या वळूची आई किती दूध द्यायची ते मला विचारून सासूला सांगायची. तेवढ्यापुरती सासूसुद्धा तिचं ऐकून घ्यायची. मग उरलेल्या कांड्या पुन्हा कॅनमध्ये सोडून मी पुढच्या घरी जायचो. तिथेही हेच.

त्या गायीचा एकविसावा दिवस नेमका रोह्याच्या प्रशिक्षणात गेला. फोन बंद ठेवायला सांगितलं होतं. शिकवायला आलेल्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. पडद्यावर चित्रं दाखवत होत्या. काही वळूंचं वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली उत्तम पळतं, तरी गाय गाभण राहत नाही. शुक्राणूंवरच्या प्रोटीनवरून असा वळू आधीच ओळखता येईल का, याचा शोध चाललाय. शिवाय गोठवताना आणि वितळवताना ऑक्सिजनपासून घातक रेणू तयार होतात, ते शुक्राणूची कातडी पोखरतात, लोखंडाला गंज खातो तशी. बाई याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणत होत्या. माझा मात्र पारा चढत होता.

शेवटी उठलोच. म्हटलं, "मॅडम, ही प्रोटीनं तुमच्या प्रयोगशाळेत. गोठ्यात शिव्या मी खातो. मला ती कळणार कधी?"

लोक हसले. बाई चिडल्या नाहीत. कधी ते सांगता येत नाही, अजून खूप तपासायचं बाकी आहे, असं सरळ कबूल केलं. मग समोरच्या कॅनकडे बोट दाखवून म्हणाल्या, तुम्ही कांडी कशी काढता ते करून दाखवा.

मी ऐटीत पुढे गेलो. डबा पार बाहेर काढला आणि हातात धरून उभा राहिलो. बाई घड्याळ बघत होत्या. असं किती वेळ धरता, त्यांनी विचारलं. लोकांचं वाचून होईपर्यंत, मी म्हणालो. मग कोणी हसलं नाही. बाईंनी हळू आवाजात सांगितलं, की एवढ्या वेळात सगळ्या कांड्या तापतात, आत सोडल्या की पुन्हा गोठतात, आणि दर वेळी ती झीज नव्याने होते. मग वळू कितीही चांगला असो. डबा कॅनच्या गळ्याच्या वर आणायचाच नाही.

हा नियम मला पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. परीक्षेत मी तो लिहिलाही होता.

बाहेर येऊन फोन सुरू केला. गडबचे चार कॉल येऊन गेलेले. नागोठण्यापासून पुढे रस्त्याला शिव्या देत मी गाडी हाणली. पोचलो तर गोठा रिकामा. सकाळी माजावर आली, दुपारी टेम्पो आला, एवढं सांगून सासू आत गेली.

सून शेण भरत होती. वर न बघता म्हणाली, "माझंच कायतरी चुकलं असंल. पेंढा ओला घातला असंल मी."

मान हलवून निघून जाता आलं असतं. क्षणभर तसं मनातही आलं. पण राहवलं नाही. डबा, वाफ, वाचायला लागणारा वेळ, सगळं तिला सांगितलं. ती हातातलं घमेलं तसंच धरून ऐकत राहिली.

"मी वाचीत बसायची, तवा का नाय बोललात?"

"मला त्यात मोठेपणा वाटायचा, वहिनी," मी म्हणालो.

ती घमेलं घेऊन मागच्या उकिरड्याकडे गेली. मी पेणला निघालो.