अमेरिकेने आपलीच जहाजं बांधून ठेवली तेव्हा

तारापूरला अणुवीज केंद्र बांधत होते त्या वर्षांत मी तिथून जवळच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवत होते. नवरा बांधकामावर ड्राफ्ट्समन, म्हणून साताऱ्याहून इकडे आलो होतो. वर्गात निम्म्या मुली आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांच्या, निम्म्या घिवलीच्या मच्छीमारांच्या.

पालक मेळाव्याला हेडमास्तरांनी एका अमेरिकन इंजिनिअरच्या बायकोला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. बी.ए.ला इंग्रजी होतं, म्हणून भाषांतर माझ्यावर आलं.

"विषय निरुपद्रवी हवा," हेडमास्तर म्हणाले. "व्हिएतनाम नको."

मी बाईंना सुचवलं, तुमच्या देशाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांवर बोला. दीडशे वर्षांपूर्वीचं राजकारण तारापुरात कुणाला लागणार, असा माझा हिशेब होता.

बाई मोठ्या शांतपणे बोलल्या. आमच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांनी जाताना देशाला सांगितलं, की परक्या राष्ट्रांशी कायमचे करार करून स्वतःला बांधून घेऊ नका. फ्रान्स आणि इंग्लंडची लढाई जुंपली तेव्हा त्यांनी कुणाचीच बाजू घेतली नव्हती. मी वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत गेले. पुरुष आदराने ऐकत होते, म्हणजे दोन-तीन जण पेंगत होते.

बायकांमधून घिवलीची एक मासळीवाली उठली. तिची मुलगी माझ्या आठवीच्या वर्गात होती.

"बाई, परवा पोरीनं धडा मोठ्यानं वाचला. स्वातंत्र्याच्या लढाईत त्या फ्रान्सनं यांना मदत केली ना?"

"केली," मी म्हणाले.

"मग त्याची लढाई आली तवा हे गप बसले?"

हेडमास्तरांनी मला डोळ्यांनी खुणावलं. मी प्रश्न गाळणार होते. पण पाहुणीबाई माझ्याकडे बघत थांबल्या होत्या. मी सांगून टाकलं.

"यावरून राष्ट्राध्यक्षांच्या मंत्र्यांतच भांडणं झाली," त्या म्हणाल्या. "एकाला फ्रान्स जवळचा, दुसऱ्याला इंग्लंड. आणि गप्प बसूनही सुटका झाली नाहीच. दोन्ही देश आमची जहाजं समुद्रात पकडू लागले."

हे मात्र सगळ्यांना पटकन कळलं. पेंगणारे जागे झाले.

"मग केलं काय?" मासळीवालीने विचारलं.

"तिसऱ्या राष्ट्राध्यक्षांनी कायदा करून आपलीच जहाजं बंदरात बांधून ठेवली. माल मिळाला नाही की दोन्ही देश ताळ्यावर येतील, असं त्यांना वाटलं."

मग मासळीवाली सावकाश म्हणाली, "दुसऱ्यानं बोट पकडली म्हणून आपली बांधून ठेवायची? आन खायचं काय?"

मी भाषांतर केलं, तशा पाहुणीबाई हसल्या. तोवर त्या टाचणाच्या कागदावरून बोलत होत्या, आता त्यांनी तो घडी करून पर्समध्ये टाकला. त्या मूळच्या एका बंदरगावच्या, घराणं खारवलेल्या मासळीचा व्यापार करणारं. त्या कायद्याने मासळी परदेशी जाईना. गोदामात माल सडला, खलाशी घरी बसले. गावाने त्या राष्ट्राध्यक्षांना दिलेल्या शिव्या त्यांच्या आजीला अजून पाठ होत्या.

"ताळ्यावर कोणीच आलं नाही," त्या म्हणाल्या. "सव्वा वर्षाने कायदा मागे घेतला."

"आन सव्वा वरस लोक जगले कसे?"

बाईंनी इंग्रजीत एक शब्द उच्चारला. पहिल्या रांगेत कस्टमचे साहेब पाहुणे म्हणून बसले होते. आमच्या किनाऱ्यावर कधीमधी रात्रीचा काही माल उतरतो हे सर्वांना ठाऊक होतं आणि चारचौघांत कोणी बोलत नव्हतं. मी शब्द शोधत उभी राहिले. 'तस्करी' म्हणण्याचा धीर झाला नाही.

"आडमार्गाने माल नेत," मी म्हणाले.

आधी बायका हसल्या, मग अख्खा मंडप. "म्हंजे आपलीच मानसं हाय ही!" मागून कोणीतरी ओरडलं. साहेबांनी रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला आणि आभारप्रदर्शन होईपर्यंत ते तो पुसत होते. हेडमास्तरांनी आभार फारच लवकर मानले.

कार्यक्रमाच्या अहवालात त्यांनी लिहिलं, 'प्रमुख पाहुण्यांनी कष्टाचे महत्त्व विशद केले.' मला बोलावून ते म्हणाले, पुढच्या वर्षी विषय बालसंगोपन. मी बरं म्हटलं. खरं तर मी मनातून खूश होते. चार वर्षं मी मुलींकडून परराष्ट्र धोरणाच्या व्याख्या पाठ करून घेत होते, आणि इतका नेमका प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता.

रविवारी पाहुणीबाई माझ्या दारात हजर. त्यांना घिवलीला जायचं होतं. किनाऱ्यावर बांबू बांधून केलेल्या वलांडीवर बोंबील वाळत होते. मासळीवालीने त्यांना हात धरून बांबूंमधून फिरवलं. मीठ न लावता मासा टिकतो यावर बाईंचा विश्वास बसेना. मासळीवालीला मीठ लावणं हा आळस वाटला. दोघींनी तासभर वाद घातला. पहिली दहा मिनिटं मी भाषांतर करत होते. नंतर त्यांना माझी गरज राहिली नाही, म्हणून मी उलटलेल्या होडीवर जाऊन बसले.