नाल्याकाठची अस्वलीण

सत्तरच्या दशकात मी जबलपूरला संरक्षण कारखान्यात लेथवर होतो. आठवडाभर कानात यंत्रं घणघणायची, म्हणून रविवारी पहाटेची मंडल्याची बस धरून वाटेतल्या डोंगरावरच्या जंगलात एकटाच पक्षी बघायला जायचो. बायको चिडायची. "पाखरं पाहाले इतक्या दूर काहून जाता?"

चैत्रातल्या एका रविवारी चढ चढून मी पठारावर पोचलो. मोहाच्या झाडांखाली फुलांचा सडा पडला होता. एक गोंड बाई टोपलीत ती वेचत होती, कुऱ्हाड शेजारी ठेवून. मला बघून म्हणाली, "भैया, नाले तरफ मत जाना. रीछनी बच्चा लेके घूम रही है."

अस्वलिणीचं ऐकून मी "अच्छा" म्हणालो. तेवढ्यात नाल्याच्या बाजूला पांढरं काही झळकलं. दूधराज पक्षी, शेपटीच्या लांब फितींसकट! तीन वर्षं मी त्याच्या मागावर होतो. गेलो.

डोळ्याला दुर्बीण होती, त्यामुळे खालचं काही दिसलं नाही. झुडपात पिल्लू किंचाळलं आणि पुढच्याच क्षणी छातीवर धोंडा आदळावा तसं झालं. मी उताणा पडलो. अस्वलिणीनं माझा डावा हात कोपराखाली दातांत धरून चिंधीसारखा झटकला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. नख्यांनी कपाळाचं कातडं सोलून निघालं, डोळ्यांत रक्त उतरलं. उजव्या हातातल्या दुर्बिणीनं मी तिच्या नाकावर मारत सुटलो. तोंडातून कधी न दिलेल्या शिव्या निघत होत्या. भीती कुठे गेली होती कोण जाणे. तिला ठार मारायचं होतं, बस.

बाई ओरडत धावत आली. तिनं कुऱ्हाड घातली ती अस्वलिणीच्या खांद्यात रुतली. जनावर विव्हळत लंगडत नाल्यात उतरलं, मागोमाग पिल्लू.

"मना किया था ना!" बाई माझ्यावरच खेकसली. पदर फाडून तिनं माझं डोकं बांधलं आणि मला खांद्याचा आधार देत रस्त्यापर्यंत आणलं. एका ट्रकवाल्यानं जबलपूरच्या दवाखान्यात पोचवलं. हात वाचला, दोन बोटं मात्र कायमची ताठ राहिली. लेथ सुटलं, मला स्टोअरमध्ये बसवलं.

दीड महिन्यानं साडी घेऊन मी तिच्या गावी गेलो. ती दारात शेण कालवत होती. अस्वलिणीचं काय झालं, मी विचारलं.

"मर गई," ती म्हणाली. जखमी जनावर दुसऱ्या दिवशी नाल्यावर पाण्याला गेलेल्या एका म्हाताऱ्यावर धावून गेलं होतं. मग गावानं भाले-लाठ्यांनी त्या जनावराला ठेचलं. "मैंने भी मारा. बच्चे को भी."

"और वो बूढ़ा?"

"मेरे ससुर थे. शाम तक नहीं टिके."

मी साडीची पिशवी पुढे केली. तिनं पिशवीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "रख लो, भैया," म्हणाली आणि शेणाचे हात तसेच घेऊन आत गेली. मी बराच वेळ अंगणात उभा होतो. ती बाहेर आली नाही. पिशवी घेऊन मी रस्त्याकडे चालू लागलो.